रिलीव्हर आल्याशिवाय

कोथिंबीर आणायला जायचं असलं तरी आमचे घरमालक आधी चार्ज देत.

पायात चपला, हातात पिशवी अशा अवस्थेत जिन्याखाली उभे राहायचे आणि वर तोंड करून हाक मारायचे, "मॅडम, चार्ज घ्या." मी कणीक मळत असले तरी गॅलरीत यावं लागे. मग ते सांगायचे: पंप बंद, टाकी पाऊण भरलेली, मागचं दार आतून लावलेलं, गॅसचा कॉक बंद, दूधवाला येऊन गेला, मीटर बघायला येणारा अजून यायचाय. एवढं सांगून थांबायचे. मी "बरं" म्हटलं तर हलायचे नाहीत. "हो" म्हटलं तरी नाही. "घेतला" म्हटल्यावरच गेटची कडी वाजायची. बारा मिनिटांनी परत आले की पुन्हा हाक. "मॅडम, चार्ज द्या." त्या बारा मिनिटांत जे घडलं ते मी सांगायचं. काही घडलेलं नसलं तर "नॉर्मल" म्हणायचं.

पहिल्या महिन्यात मला वाटलं, माणूस जरा फिरलेला आहे. दुसऱ्या महिन्यात ऑफिसला निघताना मीच त्यांना "काका, वरचा गीझर बंद, खिडक्या लावल्यात" असं सांगायला लागले, आणि तेव्हापासून माझा गीझर एकदाही चालू राहिला नाही. मला नीटनेटक्या माणसांचं वावडं नाही. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका औषध कंपनीच्या स्टोअर्समध्ये काम करते. कुठला माल कुठल्या मांडणीवर, कधी आला, कधी संपणार, ह्याच्या याद्या करणं हे माझं काम आहे आणि खरं सांगायचं तर घरीही मी तेच करते. फ्रिजच्या दारावर तीन याद्या असतात. नवरा गुजरातेत एका प्रकल्पावर, दोन महिन्यांनी येतो. मुलगा पुण्याला होस्टेलवर. घरात मी एकटी आणि याद्या.

काकांनी चौतीस वर्षं वसाहतीतल्याच एका रासायनिक कारखान्यात काढली होती. शेवटची पंधरा वर्षं शिफ्टचे प्रमुख. तिथला नियम असा की तुमच्या जागी येणारा माणूस, म्हणजे रिलीव्हर, समोर येऊन उभा राहिल्याशिवाय आणि त्याने लॉगबुकात सही केल्याशिवाय तुम्ही जागा सोडायची नाही. घरी लग्न असो नाहीतर काही असो. नियम बरोबरच आहे. चालू रिअ‍ॅक्टर टाकून कुणी चहाला गेलं तर काय होतं, ते आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. काकांच्या बाबतीत एवढंच झालं की ते निवृत्त झाले आणि नियम काही निवृत्त झाला नाही.

त्यांच्या घरात लॉगबुक होतं. जाड पुठ्ठ्याचं, उभ्या रकान्यांचं. निळ्या शाईने नेहमीचं, लाल शाईने वेगळं काही. "६.१० पंप चालू. ६.३५ पंप बंद. ७.०५ पेपर आला, भिजलेला." हे "भिजलेला" लाल शाईत. चूक झाली तर खोडायचं नाही, एकच आडवी रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. मी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला काय वाटलं हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मला हेवा वाटला.

काकूंचं मत वेगळं होतं. काकू ठाण्याला असत. मुलीला मूल झालं तेव्हा चार महिन्यांसाठी म्हणून गेल्या आणि दोन वर्षं तिथेच राहिल्या, कारण मुलगी-जावई दोघंही नोकरीला. आठवड्यातून एकदा त्यांचा मला फोन यायचा, नवरा जेवतो की नाही हे विचारायला.

"निवृत्त झाले त्या वर्षी काय करायचे ठाऊक आहे का?" त्या एकदा म्हणाल्या. "दर आठवड्याला शिफ्ट बदलायचे. घरातल्या घरात. एक आठवडा पहाटे पाचला उठणार, पुढच्या आठवड्यात दुपारचं जेवण चारला. मी रविवारी विचारून घ्यायची, बाबा, उद्यापासून कुठली?"

"मग बंद कसं झालं?"

"मी सांगितलं, मला जनरल शिफ्टला घ्या नाहीतर मी राजीनामा देते."

एका वर्षी सावित्रीला मोठा पूर आला, तेव्हाची गोष्ट काका स्वतः कधी सांगत नसत, काकू सांगत. रस्ता पाण्याखाली गेला आणि काकांचा रिलीव्हर पोचू शकला नाही. काका दुसऱ्या शिफ्टला थांबले, मग तिसऱ्या, असे अडीच दिवस. तिसऱ्या दिवशी दुपारी रिलीव्हर मांडीभर चिखलातून चालत आला. त्याने येताना भाकऱ्या आणल्या होत्या. काकांनी आधी त्याची सही घेतली, मग भाकरीला हात लावला.

"आणि मी इथे वरच्या मजल्यावर स्टोव्ह घेऊन बसलेली, खाली पायरी पायरीने पाणी चढतंय," काकू म्हणाल्या. "घरी आले ते काय म्हणाले? 'सगळं नॉर्मल होतं ना?'"

हे सांगताना काकू हसत होत्या. पण ह्याच माणसाने गेली दोन वर्षं ठाण्याला पाऊल टाकलं नव्हतं. कारण एकच. घर सोडून जायचं तर चार्ज कुणाला द्यायचा? मी दिवसभर कामावर. रिलीव्हर नाही.

अशा घरात टकमक आला.

माझा मुलगा मित्रांबरोबर रायगडावर गेला होता. उतरताना हिरकणीवाडीला एका टपरीवर पोहे खायला बसले, तिथे टेबलाखाली हे पिल्लू होतं. तांबूस रंग, काळं नाक, आणि पोहे खाणाऱ्याकडे एकटक बघत बसायची सवय. म्हणून टकमक. टपरीवालीने सांगितलं, घेऊन जा, इथं गाड्यांखाली जाईल. मुलाने शर्टात घालून आणलं, दोन दिवस त्याच्याशी खेळला आणि तिसऱ्या दिवशी पुण्याला निघून गेला. "आई, तू इतकी ऑर्गनाइज्ड आहेस," असं जाताना म्हणाला.

मी यादी केली. दूध, पोळी, उकडलेलं अंडं, इंजेक्शनं, गॅलरीत वर्तमानपत्रं, कुरतडायला सोललेल्या नारळाचं सोडण. यादीत एकच ओळ रिकामी राहिली: सकाळी आठ ते दुपारी एक.

माझी कंपनीची बस सात पन्नासला घरासमोरून जाते. एक वाजता भांडीवाल्या मावशी येतात, आमच्याकडेच जेवतात, जरा लवंडतात आणि पाचला जातात. तोपर्यंत मी येतेच. म्हणजे प्रश्न फक्त सकाळच्या पाच तासांचा होता. आणि टकमक पाच मिनिटंही एकटा राहत नव्हता. मी अंघोळीला गेले तरी दाराशी असा गळा काढायचा की समोरचा गिरणीवाला पट्टा थांबवून बाहेर यायचा.

सुरुवातीला काका त्याला खाली ठेवून घ्यायचे. मी जाताना "काका, टकमकचा चार्ज" म्हणायची, ते "घेतला" म्हणायचे. दोन महिने सुरळीत गेले. मग ठाण्याहून बातमी आली की काकूंच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. तीन आठवड्यांनी, एका शनिवारी. त्यानंतर महिनाभर दोन प्रकारचे थेंब, दिवसातून सहा वेळा, दोन थेंबांमध्ये दहा मिनिटांचं अंतर. मुलीला रजा नाही. आता ह्या कामाला काकांइतका योग्य माणूस पृथ्वीवर दुसरा नव्हता, हे त्यांनाही कळत होतं.

काकूंनी मला फोन केला. "त्या माणसाला सांगा, ऑपरेशन माझ्या डोळ्याचं आहे, बॉयलरचं नाही. शुक्रवारी यायचं म्हणजे यायचं."

घराचा प्रश्न मी सोडवला. किल्ल्या, पंप, टाकी हे सगळं मी सकाळ-संध्याकाळ बघेन असं लिहून दिलं. सही केली. राहिला टकमक.

आमच्या बसचा ड्रायव्हर पोलादपूरच्या वरच्या एका वाडीतला. त्याच्या घरी म्हशी, शेरडं. त्याच्या आईला कुत्रा हवा होता, म्हणून तो टकमकला कधीपासून मागत होता. "द्या की मला, मॅडम. घरात कोण ना कोण असतंच. म्हशींमागं फिरल. तुमच्या खोलीत एकटा बिचारा काय करणार हाय?" त्याचं बोलणं मला पटत होतं. मी हळव्या स्वभावाची नाही. म्हणून मी तारीख ठरवली: काका निघायच्या शुक्रवारपर्यंत टकमक पाच तास एकटा राहायला शिकला तर राहील, नाहीतर शनिवारी त्याला वाडीवर द्यायचं. फ्रिजवर लिहून लावलं. लिहिताना शेवटचा शब्द जरा वाकडा गेला, एवढंच.

काकांनी ती चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मॅडम, नवा रिअ‍ॅक्टर आला की आपण काय करतो?"

"मी स्टोअर्सला आहे, काका."

"आधी कोरडा चालवतो. मग नुसतं पाणी घालून चालवतो. सगळं ठीक दिसलं तरच खरा माल घालतो. एकदम माल घातला तर फुटणारच ना? तुम्ही ह्याच्यात एकदम पाच तासांचा माल घालताय."

आणि त्यांनी कार्यक्रम आखला. पहिल्या दिवशी दोन मिनिटं, मग पाच, मग पंधरा, मग अर्धा तास. लॉगबुकात टकमकचं स्वतंत्र पान सुरू झालं. मी संध्याकाळी आले की वाचायची. "९.०२ दार बंद. ९.०३ रडणे सुरू. ९.०४ रडणे बंद, कारण सोडण. ९.०७ दार उघडले." दुसऱ्या आठवड्यात रडण्याच्या नोंदी कमी होत गेल्या. एक तास: नॉर्मल. दोन तास: नॉर्मल, "१०.२० एकदा जांभई." मी एवढी खूश झाले की ड्रायव्हरला सांगून टाकलं, तुमच्या आईला म्हणावं दुसरा कुत्रा बघा. तो म्हणाला, "बघू या ना. शनवार कुठं पळून चाललाय?"

जांभईपाशीच मी थांबायला हवं होतं. बंद दाराआडची जांभई बाहेरच्या माणसाला कळते कशी, हे मला सुचलं नाही.

ते कळलं ते माझ्या दाढेमुळे. शुक्रवारला आठच दिवस उरले होते. दाढ दुखायला लागली म्हणून मी साडेअकरालाच घरी आले. गेट हळू उघडलं, कारण कार्यक्रमाप्रमाणे त्या दिवशी तीन तासांची ट्रायल चालू होती. जिना चढले तर वरच्या पायरीवर काका. पाठ माझ्या दाराला टेकलेली, मांडीवर लॉगबुक. दाराखालच्या फटीतून एक काळं नाक आणि एक पंजा बाहेर आलेला, आणि तो पंजा काकांच्या शर्टाच्या टोकावर. काकांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू. दोन तास चाळीस मिनिटं झालीत. एकदम नॉर्मल."

"पण काका, तुम्ही इथे आहात."

"मग कुठे असणार?"

"त्याने एकटं राहायचंय ना?"

"एकटाच आहे. आत कुणी आहे का?"

"तुम्ही दाराला टेकून बसलायत. तो तुमचा शर्ट धरून झोपलाय."

त्यांनी मान वळवून पंजाकडे पाहिलं. शर्ट सोडवून घेतला नाही. "मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "पहिली बॅच सोडून ऑपरेटर जात नाही."

मी लॉगबुक हातात घेतलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. प्रत्येक ओळीच्या शेवटी एक रकाना होता, "निरीक्षकाची जागा", आणि त्यात रोज स्वच्छ अक्षरात लिहिलेलं होतं: जिना. मी रोज फक्त वेळा वाचल्या होत्या. आयुष्यभर रकाने भरून घेणारी बाई, आणि शेवटचा रकाना वाचला नाही. तेव्हा मला दाढेपेक्षा ते जास्त लागलं.

आता दिवस थोडे होते. मी ठरवलं की येत्या रविवारी दोघांनीही घराबाहेर पडायचं. नुसतं बाहेर नाही, लांब. पोलादपूरला जायचं, तिथून जीपने ड्रायव्हरच्या वाडीवर, म्हणजे वेळ आलीच तर टकमकला ज्या घरी द्यायचं ते घरही बघून होईल. एका दगडात दोन कामं झाली की मला बरं वाटतं. काका दोन दिवस नाही म्हणत होते. शेवटी मी म्हटलं, "शुक्रवारी तुम्ही ठाण्याला जाणार. ती तुमची खरी बॅच. तुमची पाण्याची ट्रायल झाली आहे का?" त्यावर त्यांनी एसटीच्या वेळा विचारल्या.

रविवारी सकाळी निघताना मी टकमकला फिरवून आणलं, खाऊ घातलं, सोडण दिलं आणि जिना उतरले. काका मागे राहिले. मी खालून ऐकत होते. ते टकमकला चार्ज देत होते.

"पाणी भरलेलं आहे. गॅलरीचं दार उघडं आहे, पेपर तिथे. पंखा दोनवर. आम्ही दोघं पोलादपूरला चाललोय, दीडपर्यंत येऊ. गिरणीवाला समोर आहे. घाबरायचं नाही. काय? घाबरायचं नाही. घेतलास ना?"

दहा मिनिटं हे चाललं. टकमक गोल गोल फिरत होता, काकांची चप्पल तोंडात धरत होता, सोडत होता, पुन्हा धरत होता. शेवटी दार लागलं तेव्हा कुलूप फिरायच्या आधीच त्याने सूर लावला. एसटी स्टँडला पोचेपर्यंत काका वळून वळून मागे बघत होते. पोलादपूरला उतरलो तेव्हा म्हणाले, "त्याने घेतलाच नाही, मॅडम. मी न घेतलेल्या चार्जवर निघून आलोय. आयुष्यात पहिल्यांदा."

वाडी डोंगराच्या सोंडेवर होती. दहा-बारा घरं, त्यातली निम्मी मुंबईला गेल्यामुळे बंद. ड्रायव्हरची आई दारात नाचणी पाखडत बसलेली. सत्तरीची, कृश, आवाज मात्र खणखणीत. तिने आम्हाला घोंगडीवर बसवलं, ताक दिलं. काका दर पाच मिनिटांनी घड्याळ बघत होते. तिने तीनदा बघू दिलं.

"काय रे बाबा, लहान पोर टाकून आलास का काय घरात?"

"कुत्रा आहे एकटा," मी म्हटलं. "त्यांना काळजी लागलीय."

"कुत्रा?" तिने सूप खाली ठेवलं. "मग त्यात काय हाय? आमी म्हशी घेऊन माळावर जातो तवा घरी कुत्रा असतोच की."

"रडत नाही?"

"का रडल?"

"आम्ही निघताना फार रडला."

"तुमी काय केलाव निघताना?"

काकांनी ताकाचा पेला तोंडाला लावला. मीच सांगितलं: पाणी, पंखा, पोलादपूर, दीड वाजता. म्हातारी ऐकता ऐकता तोंडावर पदर धरून हसायला लागली. मग आतल्या सुनेला हाक मारली, "ऐकलंस गो? ह्ये कुत्र्याला गाडीचा टाइम सांगून आलं हाईत." आतूनही हसण्याचा आवाज आला. काका ताठ बसून राहिले.

"अरे बाबा," ती मग म्हणाली, आता जरा मायेने, "कुत्र्याला सांगून जायाचं नसतं. तू इतका येळ सांगत बसलास, त्याला वाटलं, म्हातारा एवढा बोलतोय म्हंजे काय तरी मोठं संकट हाय. आमी नुसतं उठतो नि जातो. त्योबी नुसता झोपतो. सांगितलं का मागनं आला."

काकांनी ताकाचा पेला रिकामा केला. "नुसतं उठायचं," ते म्हणाले. प्रश्न नव्हता तो, पण अंगात नवा सदरा बसतोय का ते बघावं तसं म्हणाले.

परत आलो तेव्हा टकमक झोपलेला होता. गिरणीवाला मात्र दारातच आमची वाट बघत होता. "चाळीस मिनिटं रडला, मॅडम. मी दोन दळणं टाकली तोपर्यंत. मग जो गप्प झाला तो झालाच." काकांनी वर जाऊन लॉगबुकात चाळीस मिनिटं लाल शाईने लिहिली. निरीक्षकाची जागा: पोलादपूर.

सोमवार ते गुरुवार मी रोज अर्धा तास लवकर उठले. सरावाला टकमक नव्हता, काका होते. त्यांनी वर यायचं, टकमकजवळ खिडकीत पेपर वाचत बसायचं आणि मी खालून बोट वर केलं की उठून, एक शब्द न बोलता, दार ओढून खाली यायचं. गेटाबाहेर पडायचं, कोपऱ्यावरच्या पिंपळापर्यंत जायचं. सोमवारी ते जिन्यावरून तीनदा परत गेले. एकदा "पंख्याचं सांगायचं राहिलं" म्हणून, एकदा "त्याने माझ्याकडे बघितलं" म्हणून, तिसऱ्यांदा कारणही सांगितलं नाही. मंगळवारी पिंपळापर्यंत गेले पण ओठ हलत होते. मी विचारलं तर म्हणाले, "मनात देतोय. ते चालेल ना?" मी म्हटलं, चालेल. बुधवारी टकमक नऊ मिनिटं रडला, गुरुवारी चार. चार मिनिटं म्हणजे पास की नापास, हे माझ्या चिठ्ठीत लिहिलेलं नव्हतं. शुक्रवारवर ढकललं.

शुक्रवारी वीर स्टेशनवरून काकांची सकाळची पॅसेंजर होती. पावणेआठला रिक्षा गेटाशी आली. पाठोपाठ आमची बस. काका अजून वरच. मी बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभी होते आणि ड्रायव्हरला म्हणाले, "एक मिनिट थांबाल का?" ही बस कुणासाठी थांबत नाही. ती पाच मिनिटं उशिरा पोचली तर गेटवर पंचवीस लोकांच्या नावापुढे लेटमार्क लागतो.

ड्रायव्हरने वर खिडकीकडे पाहिलं आणि इंजिनच बंद केलं. रिक्षावाल्यानेही केलं. गिरणीवाल्याने पट्टा सुरू केलेला नव्हता. सगळी जनरल शिफ्ट खिडक्यांना नाक लावून बसली. कुणी तरी विचारलं, "काय झालंय?" आणि मागून कुणी तरी त्याला गप्प केलं.

दार ओढल्याचा आवाज आला. काका जिना उतरले. हातात बॅग, खांद्याला छत्री. त्यांनी कुणाकडे बघितलं नाही. मला "चार्ज घ्या" म्हणाले नाहीत. गेट उघडलं, बाहेर आले, गेट लावलं आणि तिथेच थांबले, कडीवर हात ठेवून. आम्ही सगळेच ऐकत होतो. पाखरं ओरडत होती. लांब हायवेवर एक ट्रक गेला.

वरून एकदा आवाज आला. भुंकणं नव्हे, हूं असा एक, शेवट वर गेलेला.

सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. त्यांची मान जिन्याकडे वळली होती. ती तशीच राहिली, मला वाटतं, चांगलं अर्धं मिनिट. दुसरा आवाज आला नाही. मग कडीवरून हात निघाला, बॅग रिक्षात गेली आणि काका तिच्याशेजारी बसले.

"चला," ते रिक्षावाल्याला म्हणाले. "गाडी चुकवाल माझी."

ड्रायव्हरने रिक्षा वळेपर्यंत थांबून मग बस सुरू केली. गिअर टाकताना मागे न बघता म्हणाला, "आईला सांगतो, दुसरा बघ."  बसायला जागा होती, पण कोपऱ्यावरचा पिंपळ मागे पडेपर्यंत मी उभीच राहिले.

एक वाजता मावशींना फोन केला. टकमक माझ्या उशीवर झोपलेला सापडला होता. सोडणाचा भुगा खोलीभर. रडल्याची नोंद गिरणीवाल्याकडे नव्हती.

शनिवारी ऑपरेशन नीट झालं. रविवार, सोमवार ठाण्याहून फोन आला नाही. काका घर सोडून चार दिवस गेलेत आणि पंपाची चौकशी नाही, म्हणून मलाच काळजी वाटायला लागली. मंगळवारी मी फोन केला. काकूंनी उचलला.

"काय केलंत हो तुम्ही ह्यांना?"

"का? थेंब घालत नाहीत का?"

"थेंब अगदी घड्याळावर. त्यात खोट नाही. पण आज सकाळी नातवंड पाळणाघरात, घरात आम्ही दोघंच, माझ्या डोळ्याला काळा चष्मा. हे शेजारी पेपर वाचत बसलेले. थोड्या वेळाने मी काही तरी विचारलं तर उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग चाचपून बघितलं तर खुर्ची रिकामी. भाजी आणायला निघून गेलेले. मला न सांगता. आमच्या लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, हा माणूस मला सांगितल्याशिवाय कधी उंबऱ्याबाहेर गेलेला नाही."

"अरे बाप रे," मी म्हटलं. "मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? एक-दोन हाका मारल्या." पलीकडे काकू हसल्या. "मग काय, कुणी येईना, कुणी सांगेना. इतकं शांत वाटलं, म्हणून सांगू. पडले तशीच. दीड तास गाढ झोपले."